पत्र गेले कुठे? स्वतःच्या ईमेल सर्व्हरवरील बिघाडांचा शोध

स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवणाऱ्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: पाठवणारा सांगतो की पत्र पाठवले, घेणारा सांगतो की मिळाले नाही, मग मधल्या मध्ये ते गेले कुठे? तयार सेवा वापरणाऱ्याला हा प्रश्न सेवा देणाऱ्या कंपनीवर सोपवता येतो. परंतु ज्या वाचनालयाने, शाळेने किंवा लहान कारखान्याने भाड्याच्या यंत्रावर स्वतःची ईमेल व्यवस्था उभारली आहे, त्याला उत्तर स्वतःच शोधावे लागते. या शोधात सर्वाधिक वेळ घाईपायी वाया जातो, कारण पत्र कोणत्या टप्प्यावर थांबले हे ठरण्याआधीच सर्व्हरची मांडणी बदलायला घेतली जाते, एका बिघाडाचे दोन होतात आणि मूळ कारण त्याखाली झाकले जाते. म्हणून प्रथम पत्राचा मार्ग, मग त्या मार्गावरील नोंदी आणि त्यानंतरच दुरुस्ती, हाच क्रम येथे धरला आहे.

१. पत्राचा मार्ग आणि जबाबदारीची पोच

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याच्या नियमावलीला एसएमटीपी म्हणतात. ही नियमावली जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केली, आणि २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली तरी तिचा गाभा तोच राहिला आहे. तो गाभा नोंदणीकृत टपालासारखा आहे: पुढच्या कार्यालयाने पोच दिल्याशिवाय आधीचे कार्यालय पत्राच्या जबाबदारीतून सुटत नाही. एसएमटीपीमध्ये ही पोच म्हणजे २५० हा आकडा होय. पत्राचा मजकूर पूर्ण घेतल्यावर स्वीकारणाऱ्या सर्व्हरने २५० म्हटले की पत्र त्याच्या ताब्यात गेले, आणि तेथून पुढे ते हरवल्यास शोध त्याच्याकडे घ्यावा लागतो. तोवर ते पाठवणाऱ्याच्याच रांगेत असते.

समजा, वाचनालय.उदाहरण या डोमेनवरील ग्रंथपालाने एका वाचकाला पत्र लिहिले. ग्रंथपालाच्या संगणकावरील ईमेल प्रोग्राम ते आपल्या सर्व्हरकडे ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर सोपवतो (एकाच यंत्रावरील निरनिराळ्या सेवांना दिलेला क्रमांक म्हणजे पोर्ट) आणि त्यासाठी नाव व पासवर्ड देतो. सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि वाचकाच्या डोमेनसाठी पत्रे कोण घेते हे डीएनएसला, म्हणजे डोमेनची माहिती सांगणाऱ्या जगव्यापी सूचीला विचारतो. उत्तरात एमएक्स ही नोंद येते. तिच्यात स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे नाव आणि पसंतीचा आकडा असतो, व जो आकडा लहान त्याला आधी विचारले जाते. मग त्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर संभाषण होते, पत्र स्वीकारले जाते, गाळण्यांमधून जाते आणि वाचकाच्या पेटीत पडते. पेटीतून ते वाचकाच्या फोनवर दिसण्याचे काम मात्र एसएमटीपीचे नाही. ते आयमॅप या वेगळ्या नियमावलीने, बहुधा ९९३ या पोर्टवरून होते. पाठवणे आणि वाचणे या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, त्यामुळे एक चालू असताना दुसरी बंद पडू शकते, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर निम्मा गोंधळ टळतो.

स्वतःच्या सर्व्हरवर पत्रे नेण्या-आणण्यासाठी बहुधा पोस्टफिक्स हा प्रोग्राम असतो, जो वित्झे व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिला आणि १९९८ मध्ये खुला झाला. पेटीतील पत्रे वाचकाला दाखवण्यासाठी डव्हकॉट असतो. पुढील विवेचन या जोडीला धरून आहे.

२. नोंदवही वाचणे

पोस्टफिक्स प्रत्येक पत्राला रांगेतला एक क्रमांक देतो आणि त्या पत्राबाबत घडलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्रमांकाखाली लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत लिहितो. डेबियन आणि उबुंटू या प्रणालींवर ही नोंदवही बहुधा मेल.लॉग या नावाच्या फायलीत असते. पाठवणाऱ्याचा पत्ता घेऊन शोध घेतला की क्रमांक मिळतो, आणि क्रमांक घेऊन पुन्हा शोध घेतला की त्या पत्राची सगळी कथा चार-पाच ओळींत समोर येते. त्यातील पत्र पोचवण्याच्या ओळीतला स्टेटस हा शब्द निर्णायक असतो. तेथे ‘सेंट’ असेल तर समोरच्याची पोच मिळाली आहे. ‘डिफर्ड’ असेल तर पत्र अजून रांगेत आहे आणि पुन्हा प्रयत्न होणार आहे. ‘बाउन्स्ड’ असेल तर प्रयत्न संपले असून पाठवणाऱ्याला परतीची सूचना गेली आहे.

या शब्दाशेजारी समोरच्या सर्व्हरचे उत्तर जसेच्या तसे उतरवलेले असते. उत्तराचा पहिला अंक २ असेल तर होकार, ४ असेल तर तात्पुरता नकार आणि ५ असेल तर कायमचा नकार, एवढे सूत्र पुरते. उदाहरणार्थ, ४५० म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ आणि ५५० म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. त्यापुढे बिंदूंनी जोडलेले आणखी तीन अंक असतात आणि ते कारण सांगतात: ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, आणि ५.७.१ म्हणजे धोरण म्हणून नाकारले. परतीची सूचना पाठवणाऱ्यापर्यंत पोचते तेव्हा तिच्यातही हेच वाक्य असते, पण बहुतेक लोक ती यंत्राची बडबड समजून पुसून टाकतात. खरे तर बिघाडाचे नेमके कारण त्याच ओळीत लिहिलेले असते, म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्याकडे पहिली मागणी त्या सूचनेचीच करावी.

नोंदवहीत काहीच सापडले नाही, तर तोही एक निष्कर्ष आहे. बाहेरून येणाऱ्या पत्राची एकही ओळ नसेल, तर पत्र सर्व्हरच्या दारापर्यंत आलेलेच नाही आणि सर्व्हरवरील गाळण्या तपासण्यात अर्थ नाही. दोष डीएनएसमध्ये, वाटेतील फायरवॉलमध्ये किंवा पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे.

३. पत्र बाहेर पडत नाही

रांगेत पत्रे साचत असतील आणि प्रत्येकापुढे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असे लिहिलेले असेल, तर समोरच्या सर्व्हरने नकार दिलेला नसून त्याच्याशी बोलणेच झालेले नाही. जगातील निरनिराळ्या सर्व्हरांबाबत हाच अनुभव येत असेल, तर २५ क्रमांकाचा बाहेर जाणारा मार्ग यंत्र भाड्याने देणाऱ्याने बंद ठेवला आहे असे समजावे. ॲमेझॉनच्या ईसी२ यंत्रांवर हा मार्ग सुरुवातीला रोखलेला असतो आणि अर्ज केल्यावरच मोकळा होतो. गूगल क्लाउडवरून बाहेरच्या पत्त्यांकडे जाणारा २५ पोर्ट असाच रोखलेला असतो. घरगुती इंटरनेट जोडणीवरही बहुधा हीच स्थिती असते. नव्या सर्व्हरवर पोस्टफिक्सची मांडणी उलटसुलट करण्याआधी त्याच यंत्रावरून दुसऱ्या एखाद्या मोठ्या सेवेच्या पोर्ट २५ वर टेलनेटने जोडणी करून पाहावी. २२० ने सुरू होणारी स्वागताची ओळ आली नाही, तर मांडणी निर्दोष असूनही पत्र जाणार नाही.

‘रिले ॲक्सेस डिनाइड’ हे उत्तर स्वतःच्याच सर्व्हरकडून आले, तर त्याचा अर्थ असा की पाठवणाऱ्याने ओळख पटवलेली नाही आणि पत्र बाहेरच्या डोमेनला जायचे आहे. ईमेल प्रोग्राममध्ये पोर्ट ५८७ ऐवजी २५ भरलेला असणे किंवा पासवर्डाने प्रवेशाची खूण राहून जाणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. हे उत्तर बंद पाडण्यासाठी सर्व्हरला कोणाचेही पत्र पुढे नेण्याची मुभा देणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण असा मोकाट सर्व्हर फुकट जाहिराती पाठवणाऱ्यांना लवकरच सापडतो आणि मग त्याचा पत्ता जगभर बदनाम होतो.

रांग अचानक हजारो पत्रांनी फुगली आणि त्यातील पत्ते कोणाच्याच ओळखीचे नसले, तर एखाद्या वापरकर्त्याचा पासवर्ड चोरीस गेला आहे असे धरून चालावे. नोंदवहीत प्रत्येक पत्रापुढे कोणत्या खात्याने प्रवेश केला ते लिहिलेले असते. ते खाते आधी बंद करावे, मग रांग रिकामी करावी. उलट क्रमाने केल्यास रिकामी झालेली रांग काही मिनिटांत पुन्हा भरते.

४. पत्र दारापर्यंत जाते, पण घेतले जात नाही

येथपर्यंतचे दोष यंत्राचे होते. यापुढचा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांची खरी दमछाक येथेच होते. एसएमटीपी घडली तेव्हा पाठवणारा आपले नाव खरेच सांगेल असे गृहीत होते, त्यामुळे कोणीही कोणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत असे. ती उणीव भरून काढण्यासाठी नंतर एकावर एक ओळखपत्रे जोडली गेली, आणि त्यांपैकी एखादे अपुरे असले की चांगले पत्रही परत येते किंवा नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात पडते.

पहिले ओळखपत्र म्हणजे पीटीआर ही उलटी नोंद. नेहमीच्या नोंदीत नावावरून आकडी पत्ता मिळतो, तर पीटीआरमध्ये आकडी पत्त्यावरून नाव मिळते. वाचनालयाच्या सर्व्हरचा पत्ता २०३.०.११३.२५ असेल, तर या आकड्याला विचारल्यावर मेल.वाचनालय.उदाहरण हे नाव मिळाले पाहिजे आणि त्या नावाला विचारल्यावर तोच आकडा परत मिळाला पाहिजे. ही नोंद डोमेन विकणाऱ्याकडे बदलता येत नाही, कारण आकडी पत्त्याचा ताबा यंत्र भाड्याने देणाऱ्याकडे असतो. अनेक जण चुकीच्या दारी चकरा मारतात ते याच कारणाने. याला जोडून एक फसवा बिघाड संभवतो: सर्व्हरला जुन्या आयपीव्ही४ पद्धतीच्या पत्त्याबरोबर आयपीव्ही६ पद्धतीचा लांब पत्ताही मिळालेला असतो, पहिल्याची पीटीआर नोंद असते आणि दुसऱ्याची नसते. अशा वेळी काही पत्रे जातात आणि काही परत येतात, आणि वरवर पाहता त्यात काहीच सूत्र दिसत नाही. जीमेल अशा पत्रांना ५.७.१ ने नाकारताना आयपीव्ही६ चा स्पष्ट उल्लेख करते. दुसऱ्या पत्त्याची उलटी नोंद करता येत नसेल, तर पोस्टफिक्सला केवळ आयपीव्ही४ वापरायला सांगणे हा सरळ उपाय आहे.

दुसरे ओळखपत्र एसपीएफ. या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, याची ही डीएनएसमधील यादी होय. लहान संस्थेची यादी एका ओळीत संपते: एमएक्समध्ये असलेला सर्व्हर चालेल, अन्य कोणी नाही. चुका दोन प्रकारच्या असतात. नव्या सेवेसाठी जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी दुसरी एसपीएफ नोंद वेगळी लिहिली जाते. एका डोमेनला अशी एकच नोंद चालत असल्याने दोन्ही मिळून निरुपयोगी ठरतात. किंवा वृत्तपत्रिका, हिशेब, वर्गणी अशा अनेक बाहेरच्या सेवा जोडता जोडता यादी इतकी लांबते की तपासणाऱ्याला डीएनएसमध्ये दहाहून अधिक वेळा शोध घ्यावा लागतो, आणि दहा ही नियमाने ठरलेली मर्यादा असल्याने तपासणी तेथेच निष्फळ ठरते.

तिसरे डीकिम, म्हणजे प्रत्येक पत्रावर सर्व्हरने केलेली सांकेतिक सही. सही करण्याची गुप्त किल्ली सर्व्हरवर आणि ती पडताळण्याची उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. २०४८ बिटांची उघड किल्ली डीएनएसच्या एका मजकूर-तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची आहे. ती नीट तोडून दोन तुकड्यांत लिहावी लागते, आणि चिकटवताना एखादे अक्षर गळाले तरी प्रत्येक सही खोटी ठरते. चौथे डीमार्क हे धोरण आहे: पत्रावर दिसणारे ‘प्रेषक’ हे नाव आणि एसपीएफ किंवा डीकिमने सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ बसला नाही तर पत्राचे काय करावे, हे डोमेनचा मालक त्यातून जाहीर करतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले. जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे आता एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक, शिवाय पीटीआर आणि सांकेतिक जोडणी लागते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या आसपास किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही तिन्ही लागतात. एखाद्या जुन्या सर्व्हरची पत्रे त्या सुमारापासून परत येऊ लागली असतील, तर सर्व्हर बिघडला नसून दारावरचा नियम बदलला आहे. ओळखपत्रे तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जीमेलच्या एखाद्या खात्यावर पत्र पाठवून तेथे ‘मूळ संदेश दाखवा’ हा पर्याय उघडणे. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांचे निकाल तेथे सरळ लिहिलेले दिसतात.

हे सगळे जुळूनही पत्र नाकारले जाते तेव्हा आकडी पत्ता काळ्या यादीत आहे का हे पाहावे. १९९८ मध्ये स्थापन झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या ठेवते आणि तिच्या संकेतस्थळावर कोणताही पत्ता तपासता येतो. भाड्याच्या यंत्राबरोबर आधीच्या भाडेकरूची बदनामीही पदरात येते, हे अन्यायाचे असले तरी खरे आहे. नाव काढण्याचा अर्ज मूळ कारण दूर केल्यावरच करावा, अन्यथा ते पुन्हा चढते. आणि पत्त्यांचा संपूर्ण शेजारच बदनाम असेल, तर बाहेर जाणारी पत्रे एखाद्या भरवशाच्या मध्यस्थ सेवेमार्फत पाठवणे आणि येणारी पत्रे व पेट्या स्वतःकडे ठेवणे, हा मार्ग निःसंकोच स्वीकारावा. त्यात काही कमीपणा नाही. पत्रव्यवहाराचा साठा स्वतःच्या ताब्यात असावा हा मूळ हेतू त्याने ढळत नाही.

५. बाहेरची पत्रे आत येत नाहीत

येणाऱ्या पत्रांबाबत पहिली तपासणी एमएक्स नोंदीची, आणि ती स्वतःच्या सर्व्हरवरून न करता बाहेरच्या जोडणीवरून करावी. सर्व्हर नुकताच बदलला असेल, तर जुनी नोंद जगभरच्या सूचींमध्ये तिच्या ठरावीक मुदतीपर्यंत टिकून राहते. मुदत एक दिवसाची असेल तर त्या दिवसात काही पत्रे जुन्या यंत्रावर जातच राहतात. म्हणून स्थलांतराच्या आधीच ही मुदत काही मिनिटांवर आणावी आणि जुने यंत्र लगेच बंद करू नये.

याच्याशी जुळणारा पण उलटा दोष असा: डोमेनची ईमेल व्यवस्था दुसरीकडे हलवली, परंतु जुन्या सर्व्हरच्या ‘माय डेस्टिनेशन’ या यादीत, म्हणजे स्वतःची मानायच्या डोमेनांच्या यादीत, त्याचे नाव तसेच राहिले. मग जगातील सर्वांची पत्रे नव्या ठिकाणी बरोबर पोचतात, पण जुन्या यंत्रावरील संकेतस्थळाच्या अर्जातून निघालेली पत्रे तेथेच घुटमळून ‘युझर अननोन’ म्हणून परततात. याउलट, डोमेनची एमएक्स नोंद या सर्व्हरकडे बोट दाखवते पण यादीत डोमेनच नाही, अशा स्थितीत ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ ही तक्रार दिसते.

पत्राच्या आकाराची तक्रार पुष्कळदा अविश्वासाने केली जाते, कारण वापरकर्त्याचा हिशेब बरोबर असतो. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. ८० लाख बाइटचे छायाचित्र तिच्यात सहज बसावे. परंतु ईमेलमधून जाताना जोडपत्र साध्या अक्षरांत रूपांतरित होते आणि दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ८० लाखांचे सुमारे १ कोटी ६ लाख ६७ हजार होतात, ओळी तोडण्याची चिन्हे वेगळीच, आणि पत्र नाकारले जाते. डिस्क भरली असेल तर मात्र लहान पत्रेही ४५२ ने थांबतात.

काळ्या याद्यांचा वापर येणाऱ्या पत्रांसाठी करणाऱ्यांनी एका सापळ्यापासून सावध राहावे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत स्पॅमहाउसची मोफत यादी विचारली, तर उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा आकडा येतो. सर्व्हरने उत्तराचा आकडा न पाहता ‘उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे’ असे मानले, तर जगातील प्रत्येक पाठवणारा गुन्हेगार ठरतो आणि सारी पत्रे परत जातात. उपाय म्हणजे सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस शोधक चालवणे.

६. पत्र पेटीत आहे, पण दिसत नाही

नोंदवहीत पत्र पेटीत पडल्याची ओळ असेल, तर पोस्टफिक्सचे काम झालेले आहे. फोन एकाएकी सांकेतिक जोडणीच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याची तक्रार करत असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र आपोआप नवे झाले तरी डव्हकॉटने अजून जुनेच धरून ठेवले असण्याची शक्यता मोठी असते. नूतनीकरणानंतर डव्हकॉटला मांडणी पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा कायमची जोडून द्यावी. आणि एखाद्या विस्मृतीत गेलेल्या संगणकावर पीओपी३ या पद्धतीचे खाते चालू असेल, तर तो पत्रे उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसतो, आणि फोनवरची पेटी रिकामी दिसते.

७. देवनागरी पत्त्यांचा प्रश्न

मराठी मजकूर आणि मराठी विषय ईमेलमधून अनेक वर्षे बिनघोर जात आहेत. पत्त्यातील @ या चिन्हाआधीचा भागच देवनागरीत असेल, तर मात्र वाटेतील प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ ही २०१२ मधील जोड समजावी लागते. पोस्टफिक्सला ती २०१५ मधील ३.० आवृत्तीपासून समजते. .भारत या टोकाची डोमेने २०१४ पासून मिळत असली, तरी समोरच्या सर्व्हरकडे ही जोड नसेल तर पत्र परत येते आणि नोंदवहीत या जोडीचे नाव स्पष्ट दिसते. हा दोष पाठवणाऱ्याच्या बाजूने दुरुस्त होत नाही; त्याच पेटीला रोमन लिपीतील दुसरा पत्ता जोडून देणे हाच तूर्त व्यवहार्य तोडगा आहे.

८. दुरुस्तीला हात लावण्याआधी

सर्व्हर तासभर बंद पडला तर पत्रे हरवतील या भीतीने अनेक जण धावपळीत चुका करतात. प्रत्यक्षात एसएमटीपीची नियमावली पाठवणाऱ्या सर्व्हरने चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावे असे सांगते, आणि पोस्टफिक्सही मूळ मांडणीत पत्र पाच दिवस रांगेत ठेवतो. बंद असलेल्या सर्व्हरमुळे पत्र उशिरा येते. चुकीच्या मांडणीने दिलेल्या ५५० मुळे मात्र ते त्याच क्षणी परत जाते आणि पुन्हा येत नाही. म्हणून पोस्टफिक्सच्या मांडणीत ‘सॉफ्ट बाउन्स’ हा पर्याय आहे: तो चालू असेपर्यंत सर्व्हर कायमच्या नकाराऐवजी तात्पुरता नकार देतो आणि बाहेर जाणारी पत्रेही परत न पाठवता रांगेत राखतो. मांडणीतील कोणतीही ओळ बदलण्यापूर्वी हा पर्याय चालू करावा, मूळ फायलीची प्रत ठेवावी, एका वेळी एकच बदल करून नोंदवही पाहावी, आणि काम संपल्यावर तो आठवणीने बंद करावा.